आर्थर कोस्लर वाचायचाय? मग या क्रमाने वाचा

कोस्लरचं नाव बहुतेकांना एकाच पुस्तकामुळे माहीत असतं, 'डार्कनेस ॲट नून' ही कादंबरी. कुणीतरी सांगतं की कम्युनिझम आतून कसा असतो ते बघायचं असेल तर हे वाच, आपण उत्साहाने हातात घेतो, आणि पहिली चाळीस-पन्नास पानं काय तर पन्नाशीचा एक माणूस कोठडीत येरझाऱ्या घालतोय, चष्मा बाहीवर पुसतोय, दाढ दुखतेय, जुनं काहीबाही आठवतंय. आपल्याला काही केल्या कळत नाही की एवढा हुशार, एवढे तुरुंग बघितलेला माणूस न केलेले गुन्हे कबूल का करेल. माझं अगदी हेच झालं होतं. पुस्तक अर्ध्यावर ठेवलं ते दोन वर्षं हात लावला नाही. मग कधीतरी त्याचा कम्युनिस्ट पार्टीत जाण्याबद्दलचा मोठा लेख वाचनात आला, आणि त्यानंतर तीच कादंबरी उघडली तर दोन रात्रीत संपली, दुसऱ्या रात्री झोप पण आली नाही.

तेव्हापासून जो कोणी विचारेल त्याला मी हेच सांगते की कोस्लर पार्टीतून बाहेर का पडला हे समजायचं असेल तर आधी तो आत का गेला ते वाचा. 'कम्युनिझमविरोधी लेखक' असा शिक्का मारून वाचायला घेतलं तर हाताला फारसं काही लागत नाही. खाली जो क्रम दिलाय तो याच हिशोबाने दिलाय, पुस्तकं ज्या साली आली त्या क्रमाने नाही.

आधी माणूस कोण ते पटकन

जन्म ५ सप्टेंबर १९०५, बुडापेस्ट, ज्यू कुटुंब. पहिल्या महायुद्धानंतर घरची परिस्थिती खालावली. व्हिएन्नात इंजिनिअरिंगला होता, पण डिग्री हातात पडायच्या आधीच स्वतःचं कॉलेजचं नोंदणीपुस्तक जाळून टाकलं आणि १९२६ साली पॅलेस्टाईनला निघून गेला. तिथे एका किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीत राहायला गेला तर त्यांनी काही ठेवून घेतलं नाही. मग हैफा, तेल अवीव असे अर्धपोटी दिवस काढले आणि त्यातूनच उल्स्टाइन या जर्मनीतल्या बड्या वृत्तपत्र कंपनीचा वार्ताहर झाला. जेरुसलेम, पॅरिस, आणि १९३० ला बर्लिन, तिथे सायन्स एडिटर. जुलै १९३१ मध्ये ग्राफ झेपेलिन नावाचं वायूने भरलेलं अवाढव्य हवाई जहाज आर्क्टिकवरून फिरून आलं त्यात हा पत्रकार म्हणून होता, वय पंचवीस.

आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला, म्हणजे सगळं एकदम जोरात चाललेलं असताना, त्याने जर्मन कम्युनिस्ट पार्टीत घ्या म्हणून अर्ज केला. सहा वर्षांहून जास्त काळ पार्टीत होता. १९३८ च्या वसंतात बाहेर पडला. हा कालखंड लक्षात ठेवा, बाकीचं सगळं याच्याभोवती फिरतं.

पहिली पायरी: 'द गॉड दॅट फेल्ड' मधला त्याचा लेख

हे पुस्तक १९४९ चं. रिचर्ड क्रॉसमन या ब्रिटिश लेबर पार्टीच्या खासदाराने कम्युनिझमकडे का गेलो आणि का परतलो हे सांगणाऱ्या सहा जणांचं लिखाण एकत्र आणलं: कोस्लर, इग्नात्सिओ सिलोने, रिचर्ड राइट, आंद्रे जीद, लुई फिशर आणि स्टीफन स्पेंडर. सगळं एका दमात वाचायची गरज नाही. आधी फक्त कोस्लर वाचा. नंतर वेळ मिळाला तर सिलोने आणि राइट जरूर वाचा, ते दोघं गरिबी जवळून बघून आलेत त्यामुळे त्यांचं दुखणं वेगळं आहे.

लेख वाचताना पेन्सिल घेऊन बसा आणि 'मला पटलं' असं त्याला कुठे कुठे वाटलं तेवढंच अधोरेखित करत जा. सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की श्रद्धा काही युक्तिवादाने बसत नाही, माणूस प्रेमात पडतो तशी ती बसते. मग मंदीच्या काळातला युरोप येतो, भाव टिकावेत म्हणून धान्य जाळतायत, डुकरं बुडवून मारतायत आणि रस्त्यावर बेकारांच्या रांगा. हे बघून कुठल्याही धडधाकट माणसाच्या मनात राग येईल, त्याच्याही आला, एवढं साधं आहे ते. पुढे पार्टीच्या शाखेतलं, ज्याला सेल म्हणत, आयुष्य येतं, भिंतींवर घोषणा रंगवणं, दारोदार पत्रकं, टोपणनावं, एकमेकांवर जीव टाकणारी आणि एकमेकांवर संशय घेणारी माणसं. हा भाग मला फार जिवंत वाटतो कारण तो त्या लोकांची टिंगल करत नाही. बाहेर पडून दहा वर्षं झाल्यावर सुद्धा त्याला ते दिवस आपले वाटतात हे प्रत्येक पानावर दिसतं.

आणि मग खारकोव्ह. १९३२-३३ चा हिवाळा, युक्रेनमध्ये दुष्काळ. कोस्लर आगगाडीने चाललाय, स्टेशनांवर गावाकडच्या बाया आपली पोरं डब्याच्या खिडकीपर्यंत उचलून धरतायत, काडीसारखे हातपाय, फुगलेली पोटं, मोठी डोकी. सोबतचे लोक त्याला सांगतात की हे कुलक आहेत, म्हणजे श्रीमंत शेतकरी, सामुदायिक शेतीला विरोध करतात, काम करण्यापेक्षा भीक मागणं पत्करतात. आणि तो ते मान्य करतो! शहरातल्या पेपरमध्ये दुष्काळाचा एक शब्द नसतो, आकडे असतात, कारखान्यांचे, उत्पादनाचे. इथे पुस्तक बंद करून पाच मिनिटं बसा, मी खरंच सांगते. डोळ्यांना दिसतंय ते एक आणि डोक्यात त्याचा अर्थ लावायचं मशीन दुसरंच काहीतरी सांगतंय, आणि माणूस डोळ्यांना गप्प बसवतो. हे मशीन कसं चालतं ते कोस्लरने जितकं नीट दाखवलंय तितकं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

दुसरी पायरी: 'डायलॉग विथ डेथ'

स्पेनचं यादवी युद्ध. कोस्लर लंडनच्या 'न्यूज क्रॉनिकल' चा वार्ताहर, आणि आतून पार्टीचा माणूस. फेब्रुवारी १९३७ मध्ये मालागा शहर सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या सैन्याच्या ताब्यात गेलं, सगळे पळाले, हा मागे राहिला आणि ९ फेब्रुवारीला पकडला गेला. पुढचे सुमारे तीन महिने तुरुंगात, त्यातले बहुतेक सेव्हिलला, एकट्याच्या कोठडीत, आज नाही तर उद्या आपल्याला गोळ्या घालणार असं धरून. रात्री बाराच्या सुमारास घंटी वाजायची, पाद्री आणि पहारेकरी यायचे, ठरलेल्या कोठड्या उघडायच्या, कुणी आईला हाक मारायचं, कुणी नुसतंच वाचवा वाचवा करायचं. बाकीचे आपापल्या दाराला कान लावून. शेवटी मे महिन्यात कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला, फ्रँकोच्या बाजूच्या एका नामांकित वैमानिकाच्या बायकोच्या बदल्यात. लंडनमध्ये त्याची पहिली बायको डोरोथी हिने त्याच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं होतं, ते दोघं तेव्हा वेगळे राहत होते तरी.

घेताना एक काळजी घ्या. हा मजकूर आधी १९३७ मध्ये 'स्पॅनिश टेस्टामेंट' या मोठ्या पुस्तकात आला, त्यातला पहिला अर्धा भाग बराचसा प्रचारकी आहे आणि लेखक स्वतः कम्युनिस्ट आहे हे त्यात लपवलेलं आहे. तुरुंगाचा भाग नंतर वेगळा काढून 'डायलॉग विथ डेथ' नावाने आला, तो घ्या. पातळ पुस्तक आहे, शनिवार-रविवारात होऊन जातं.

हे कादंबरीच्या आधी वाचायचं कारण म्हणजे 'डार्कनेस ॲट नून' ची कोठडी इथलीच आहे. रशियाचा तुरुंग त्याने आतून कधी बघितला नाही. दाराच्या भोकातून दिसणारा डोळा, बुटांचे आवाज ओळखणं, पावलं मोजत फिरणं हे सगळं त्याच्या अंगावरून गेलेलं आहे, फक्त तुरुंग फ्रँकोचा होता.

तिसरी पायरी: आता 'डार्कनेस ॲट नून'

आता हातात घ्या. पण त्याआधी पहिल्या कोऱ्या पानावर चार तारखा लिहून ठेवा. मॉस्कोचे तीन जाहीर खटले, ज्यांत स्टालिनने पार्टीतल्याच जुन्या नेत्यांना उभं केलं: ऑगस्ट १९३६, जानेवारी १९३७, मार्च १९३८. आणि २३ ऑगस्ट १९३९, एकमेकांवर हल्ला न करण्याचा स्टालिन-हिटलर करार. कादंबरीत कुठेही रशियाचं नाव नाही, स्टालिनचं नाव नाही, त्याला नुसतं 'नंबर वन' म्हटलंय, त्यामुळे या तारखा समोर असल्या की बरं पडतं. तिसऱ्या खटल्यात बुखारिनने, जो लेनिनचा जवळचा सहकारी होता, भर कोर्टात अपराध कबूल केले आणि त्याला गोळ्या घातल्या. जुने क्रांतिकारक असं का बोलले हाच कादंबरीचा प्रश्न.

रुबाशोव्ह हा नायक, कोठडी नंबर ४०४. त्याची चौकशी दोघं करतात. इव्हानोव्ह हा जुना मित्र, वाद घालून पटवणारा. ग्लेटकिन हा नव्या पिढीचा, डोळ्यांवर प्रखर दिवा मारून झोपू न देणारा. वाचताना स्वतःला विचारत राहा की रुबाशोव्ह नेमका कुणापुढे हरला. सोपं उत्तर ग्लेटकिन. मला तसं वाटत नाही, मला वाटतं तो स्वतःच्याच जुन्या वाक्यांपुढे हरला, कारण तो स्वतः दुसऱ्यांना जे सांगत आला तेच आता त्याला सांगितलं जातंय आणि खोडून काढायला त्याच्याकडे काही उरलेलं नाही. रिचर्ड, लिटल लोवी, आणि त्याची सेक्रेटरी आर्लोव्हा, या तिघांना त्याने पार्टीसाठी वाऱ्यावर सोडलं. ती तीन प्रकरणं घाईघाईने उलटू नका. कादंबरीचा खरा खटला तिथेच चाललाय.

भिंतीवरची टकटक बऱ्याच जणांना कळत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. शेजारच्या ४०२ मध्ये झारच्या काळातला एक अधिकारी आहे, आणि दोघं भिंतीवर ठोके मारून बोलतात. युक्ती अशी की अक्षरं पाच-पाचच्या ओळींत मांडलेली मनात धरायची, आधी ओळीचा नंबर ठोकायचा, थोडं थांबायचं, मग त्या ओळीतल्या अक्षराचा. मराठी माणसाला हे समजायला एक मिनिट पुरतं कारण आपल्याकडे तो चौकोन लहानपणीच पाठ झालेला असतो. क वर्ग पहिली ओळ, च वर्ग दुसरी, ट तिसरी, त चौथी, प पाचवी. आता 'जग' म्हणायचं तर ज हे दुसऱ्या ओळीतलं तिसरं अक्षर, म्हणून दोन ठोके, थांबा, तीन ठोके. ग म्हणजे एक ठोका, थांबा, तीन ठोके. टेबलावर करून बघा. एका शब्दाला किती वेळ लागतो ते बोटांना कळलं की मग शेजाऱ्याचे ते छोटे छोटे प्रश्न वाचताना अंगावर काटा येतो, कारण एवढे कष्ट घेऊन माणूस काय बोलतोय आणि काय बोलत नाहीये ते दिसायला लागतं.

कुठली प्रत घ्यायची? कोस्लरने ही जर्मनमध्ये लिहिली, आणि त्याची तेव्हाची जोडीदार डॅफ्नी हार्डी, जेमतेम बाविशी-तेविशीतली शिल्पकार मुलगी, तिने पॅरिसमध्ये बाजूला बसून इंग्रजीत आणली. जर्मन सैन्य फ्रान्समध्ये शिरायच्या थोडं आधी हस्तलिखित बाहेर गेलं, मूळ जर्मन प्रत मात्र हरवली असंच सगळे धरून चालले होते, आणि जगभरची भाषांतरं हार्डीच्या इंग्रजीवरून झाली. कोस्लरने स्वतः नंतर इंग्रजीवरून परत जर्मन केलं! २०१५ मध्ये एका जर्मन संशोधक विद्यार्थ्याला झुरिकच्या ग्रंथालयात मूळ टाइप केलेली प्रत सापडली, आणि तिच्यावरून फिलिप बोएमचं नवं इंग्रजी भाषांतर २०१९ ला आलं. पहिल्यांदा वाचणाऱ्याने बोएमचं घ्यावं, चौकशीची भाषा तिथे जास्त सरकारी आणि जास्त कोरडी आहे, तशीच ती असायला हवी. हार्डीचं जुनं मिळालं तरी अडून बसू नका, घाईत आणि भीतीत केलेलं ते काम आहे आणि या पुस्तकाचं नाव सुद्धा तिनेच दिलेलं आहे.

चौथी पायरी: 'स्कम ऑफ द अर्थ'

१९४१ चं, त्याने थेट इंग्रजीत लिहिलेलं पहिलं पुस्तक. पार्टी सोडली, युद्ध सुरू झालं, आणि हिटलरविरोधी असलेल्या या माणसाला फ्रान्सने 'परका' म्हणून पकडून पिरेनीज डोंगराजवळच्या ल व्हर्ने छावणीत टाकलं. तिथून सुटला, फ्रान्स पडला तेव्हा खोट्या नावाने फॉरेन लिजनमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या फ्रेंच पलटणीत भरती झाला, मार्सेय, मग लिस्बन, आणि परवानगी नसताना इंग्लंडला पोचला तर तिथे परत तुरुंग. 'डार्कनेस ॲट नून' डिसेंबर १९४० मध्ये लंडनमध्ये बाहेर आली तेव्हा लेखक त्याच शहरातल्या पेंटनव्हिल तुरुंगात होता. हे पुस्तक भरभर वाचलं तरी चालतं.

पाचवी पायरी: आठवणींचे दोन खंड

'ॲरो इन द ब्लू' (१९५२) आणि 'द इनव्हिजिबल रायटिंग' (१९५४). वेळ कमी असेल तर सरळ दुसरा घ्या, पार्टीची सगळी वर्षं त्यात आहेत.

यातल्या दोन जागा अजिबात चुकवू नका. एक, सेव्हिलची कोठडी. गादीच्या तारेतून काढलेल्या तुकड्याने तो भिंतीवर गणित खरडत उभा असतो, आणि युक्लिडची ती सिद्धता त्याला आठवते की मूळ संख्यांना शेवट नाही. अनंताबद्दल एक पक्की गोष्ट, तीही मोजक्या पायऱ्यांत सिद्ध केलेली, आणि तिचा विचार करता करता तो इतका शांत होतो की मनात कुठेतरी खटकतंय ते काय हे शोधावं लागतं, मग आठवतं, अरे हो, आपल्याला कदाचित गोळी घालणार आहेत. पार्टीवरचा विश्वास तिथे कोठडीत, त्या खिडकीपाशी ढिला व्हायला लागला असं तो सांगतो. आणि दोन, बाकू. रशियाच्या प्रवासात तिथल्या एका तरुणीवर त्याचं प्रेम बसलं आणि मग त्याने तिच्याबद्दलचा संशय तिथल्या गुप्त पोलिसांपर्यंत पोचवला. हे त्याने स्वतःहून लिहून ठेवलंय. हे वाचून झालं की आर्लोव्हाचं प्रकरण परत काढून वाचा.

पार्टी सोडण्याचा प्रसंगही याच सुमाराला नीट समजतो. पॅरिसमध्ये जर्मन निर्वासित लेखकांच्या सभेत त्याने भाषण केलं, त्यात तीन गोष्टी मुद्दाम घातल्या: कुठलीही चळवळ किंवा व्यक्ती कधीच चुकत नाही असा दावा करू शकत नाही, वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी निघालेल्या मित्राला छळणं हा मूर्खपणा आहे, आणि सोयीच्या खोट्यापेक्षा अडचणीचं खरं बरं. अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, पार्टीवाले हाताची घडी घालून गप्प. एवढी साधी वाक्यं, आणि ती बोलल्यावर परत जायची वाट उरत नाही! तरी राजीनाम्यात त्याने सोव्हिएत युनियनवर आपली निष्ठा आहेच असं लिहिलं होतं. ती शेवटची गाठ हिटलरचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप याच्या स्वागताला मॉस्को विमानतळावर स्वस्तिकाचे झेंडे लागले तेव्हा सुटली.

यानंतर आवडीप्रमाणे

प्राचीन रोममधल्या गुलामांचा नेता स्पार्टाकस याच्या बंडावरची 'द ग्लॅडिएटर्स' (१९३९) आणि 'अरायव्हल अँड डिपार्चर' (१९४३) या दोन्ही 'डार्कनेस' च्या जोडीला लागतात, चांगल्या हेतूसाठी वाईट मार्ग चालतो का हा एकच प्रश्न तिन्हींत आहे. 'द योगी अँड द कमिसार' (१९४५) हा लेखसंग्रह. फाशीच्या शिक्षेविरुद्धचं 'रिफ्लेक्शन्स ऑन हँगिंग' (१९५६) मला मनापासून आवडतं कारण ते लिहिणारा स्वतः मरणाची वाट बघत कोठडीत बसून आलेला आहे. विज्ञानावरच्या पुस्तकांत 'द स्लीपवॉकर्स' (१९५९) उत्तम, खगोलशास्त्रज्ञ केपलरवरचा भाग तर फारच. शेवटी शेवटी तो टेलिपथी, योगायोग वगैरेकडे वळला, ती पुस्तकं नवीन माणसाने सोडली तरी चालतील. १९५८-५९ मध्ये तो भारतात येऊन विनोबांबरोबर पदयात्रेत चालला होता, त्यातून 'द लोटस अँड द रोबो' (१९६०) झालं. गांधीजींवरच्या मजकुरामुळे त्यावर भारतात बंदी आली. मला ते पुस्तक उतावळं वाटतं, थोड्या दिवसांत फार मोठे निष्कर्ष.

माणसाबद्दल जे माहीत असायला हवं

लेखक आवडला की त्याच्याबद्दलचं वाईट वाचायला नको वाटतं, पण हे टाळून चालणार नाही. १९९८ मध्ये आलेल्या डेव्हिड सेसरानीच्या चरित्रात, चित्रपट दिग्दर्शिका जिल क्रेगी यांनी कोस्लरने आपल्यावर बलात्कार केला होता असं सांगितलं. बायकांशी तो कसा वागायचा याबद्दल बाकी बरंच लिहिलं गेलंय. १ मार्च १९८३ च्या सुमाराला त्याने लंडनच्या घरी आत्महत्या केली, त्याला पार्किन्सन्स आणि ल्युकेमिया होता, पण त्याच्यासोबत बायको सिंथिया हिनेही जीव दिला, ती पंचावन्न वर्षांची होती आणि तिला कुठला जीवघेणा आजार नव्हता. याचा मला आजही त्रास होतो. राजकारणातही असंच एक आहे, १९५० मध्ये बर्लिनला ज्या 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या कम्युनिझमविरोधी लेखक-विचारवंतांच्या संघटनेच्या स्थापनेत तो पुढे होता, तिला सीआयएचा पैसा मिळत होता हे नंतर उघड झालं. चरित्र एकच वाचायचं असेल तर मायकेल स्कॅमेलचं (२००९) घ्या, मोठं आहे पण सगळ्या बाजू आहेत, आणि सेसरानीचं निदान चाळा.

शेवटची पायरी: दोन मित्र

हे बहुतेक जण करत नाहीत, तुम्ही करा. एव्हा स्ट्रायकर ही कोस्लरची बुडापेस्टपासूनची मैत्रीण, मातीच्या भांड्यांची डिझायनर. रशियात काम करत असताना १९३६ मध्ये तिला स्टालिनला मारायचा कट केला म्हणून पकडलं, सोळा महिने तुरुंगात, त्यातला बराच काळ एकटीने. सुटल्यावर तिने कोस्लरला जे सांगितलं ते 'डार्कनेस' मध्ये उतरलंय. पुढे एव्हा झायझेल नावाने ती अमेरिकेत खूप नावाजली, १०५ वर्षं जगली. तिच्या कपबशा, वाडग्यांचे फोटो बघा, सगळे आकार गोलसर, एकमेकांना बिलगणारे. आणि तिचा पहिला नवरा ॲलेक्स वाइसबर्ग, खारकोव्हमधला पदार्थशास्त्रज्ञ, ज्याच्याकडे कोस्लर दुष्काळाच्या हिवाळ्यात उतरला होता, तो १९३७ मध्ये पकडला गेला आणि १९४० मध्ये रशियनांनी त्याला पुलावर नेऊन थेट गेस्टापोच्या, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या हवाली केलं. तो कम्युनिस्ट होता आणि ज्यू होता. तरी वाचला. त्याचं 'कॉन्स्पिरसी ऑफ सायलेन्स' हे पुस्तक शोधा, अमेरिकन आवृत्तीचं नाव 'द अक्यूज्ड' आहे, प्रस्तावना कोस्लरची. दिवसरात्र न झोपू देता केलेली चौकशी त्यात तारीखवार आहे. ते वाचून झालं की 'डार्कनेस' मधली ग्लेटकिनची प्रकरणं परत काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.